हे नक्की काय उगवलंय? खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत समुद्री टाकीवाल्यांचीच गर्दी आहे, आणि जवळपास सगळ्यांनी एकच विचारलंय, टाकीत काहीतरी उगवलंय, काय टाकू म्हणजे जाईल? काय टाकायचं हे मी इथे फार कमी वेळा सांगणार आहे. आधी ते काय आहे ते ओळखू. कारण पहिली दोन पत्रं वाचा, दोन्हीकडे तपकिरी थर आहे, फोटो पण सारखेच दिसतात, आणि दोघांना मी अगदी उलटे उपाय सांगतोय.

प्रश्न: नमस्कार दादा, आमची अडीच फुटी समुद्री टाकी आहे, लावून दोन महिने होत आलेत. ड्राय रॉक (जीव नसलेला कोरडा दगड), अरागोनाइट वाळू, बाटलीतले बॅक्टेरिया टाकून सायकल केली, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत बसवले, आता दोन क्लाउनफिश आहेत आणि मजेत आहेत. पण गेल्या काही दिवसांत वाळूवर, काचेवर, दगडावर सगळीकडे तपकिरी धूळ बसलीये, पुसली की उडते आणि दुसऱ्या दिवशी परत तशीच, रात्री लाइट बंद असला तरी तेवढीच. मैत्रिणीने झोआचा (प्रवाळासारखा जीव) छोटा फ्रॅग, म्हणजे तुकडा, दिला होता, त्याच्या प्लगवर (बुडाच्या चकतीवर) एक पारदर्शक तपकिरी फुलासारखं काहीतरी आलंय, हात जवळ नेला की झटकन आत जातं. शिवाय दगडाखाली पांढरी बारीक वेटोळी, आणि एकदोन ठिकाणी गुलाबी डाग. पाणी किचनमधल्या आरओचं वापरते, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७० येतो. नायट्रेट १० च्या आसपास, फॉस्फेटचा रंग अगदी फिकट येतो. दुकानदाराने अल्गी मारायचं औषध दिलंय, टाकू का? — एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: ताई, ती बाटली उघडू नका, परत करता आली तर करून टाका. तुम्ही एका पत्रात चार वेगवेगळे जीव लिहिलेत आणि त्यातल्या तिघांसाठी औषधाची गरजच नाहीये, चौथ्याला ते औषध लागूच पडत नाही.

तपकिरी धूळ आधी घेऊ. तुमच्या वर्णनावरून ते डायटम आहेत, आणि तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात म्हणून मी एवढं खात्रीने सांगतोय. एक म्हणजे हाताला कोरडी धूळ असावी तसं उडतं, चिकट तार निघत नाही. दुसरं, रात्री कमी होत नाही. आणि तिसरं टाकीचं वय, नव्या टाकीत दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत हा थर येणं इतकं नेहमीचं आहे की नाही आला तर मी विचारेन काय झालं म्हणून. डायटम म्हणजे एकपेशीय जीव, त्यांचं कवच सिलिकाचं असतं, म्हणजे काच ज्याची बनते तेच. पाण्यात विरघळलेलं सिलिकेट मिळतंय तोवर ते वाढतात, ते संपत आलं आणि दगडावर बाकीचे जीव जागा धरायला लागले की आपोआप ओसरतात. यांना कमी लेखू नका हं, समुद्रातलं अन्न तयार करणाऱ्यांत हे फार मोठे आहेत, आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालतं आणि सह्याद्रीतल्या ओढ्यानाल्यांतले डायटम तिथे अभ्यासले जातात. मायक्रोस्कोपखाली इतकी सुंदर नक्षी दिसते की पुसायचा हात थांबतो.

आता हे सिलिकेट येतं कुठून, तर तुमच्या टीडीएस ७० वाल्या पाण्यातून. आपल्याकडे अनेकांना वाटतं आरओ म्हणजे आरओ. पण घरातला आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो, त्यात पाण्याला चव राहावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो जो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, आणि बऱ्याच मशिनांत वर मिनरल कार्ट्रिज पण असतं. प्यायला उत्तम, समुद्री टाकीला वाईट. त्यात आपली जमीन बेसॉल्टची, काळ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असतेच, आणि सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर अजूनच. म्हणून मेंब्रेनमधून आलेलं पाणी कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधीच वेगळं काढून घ्यायचं, त्याला पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणारं) कार्ट्रिज लावायचं आणि मीटरवर ० आला तरच टाकीत घ्यायचं, मीठ मिसळायला तेच पाणी आणि रोजची बाष्पीभवनाची भर घालायलाही तेच. एक बारकावा सांगतो जो दुकानात सांगत नाहीत, टीडीएस मीटर विजेच्या वहनावर मोजतो आणि सिलिका त्यात फारशी दिसतच नाही, शिवाय रेझिन थकलं की सगळ्यात आधी निसटते ती सिलिकाच. त्यामुळे मीटर ० दाखवत असूनही तपकिरी थर परत परत येत असेल तर रेझिन बदलून बघा. रंग बदलणारं रेझिन मिळतं ते घ्या, अर्ध्याहून जास्त रंग गेला की बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका.

तोवर काच पुसत राहा, पाणी बदलताना वाळूचा वरचा थर हलक्या हाताने नळीने ओढून घ्या, लाइट दिवसाला ६ ते ८ तासच ठेवा. आता खायला आहे म्हणून एखाददोन टर्बो किंवा नेराइट गोगलगायी आणू शकता, पण थर दिसला म्हणून एकदम दहा आणू नका, डायटम गेले की त्या उपाशी मरतील आणि अमोनिया वाढेल. नासारियस गोगलगाय यासाठी घेऊ नका, ती शेवाळ खातच नाही, ती उरलंसुरलं मांसाहारी अन्न खाते.

पांढरी वेटोळी म्हणजे स्पायरॉर्बिड किडे, एकदोन मिलिमीटरचं चुन्याचं कवच, आत पिसासारखा तुरा असलेला जीव, पाणी गाळून खातो, कुणाच्या वाटेला जात नाही. यांची संख्या मध्येच वाढते मग आपोआप कमी होते. त्यांच्याच आसपास डोक्यावर केसाळ झुबका असलेले पांढरे सेंटीमीटरभर लांबीचे कोष दिसले तर ते सायकॉन स्पंज, त्यांनाही राहू द्या. आणि गुलाबी डाग, ताई, ते चुकूनही खरवडू नका! ती कोरलाइन अल्गी आहे, दगडाला घट्ट चिकटलेली, नखाने निघत नाही, हीच तर आपल्याला हवी असते, ती पसरली की नको असलेल्या शेवाळाला जागाच उरत नाही. तुमच्या ड्राय रॉकवर ती आपणहून आली नसणार, फ्रॅगच्या प्लगवरून किंवा गोगलगायीच्या शंखावरून आली असेल. कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सावरून धरायची ताकद) ८ ते १० डीकेएच, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवा आणि तिला वेळ द्या.

राहिलं ते फूल. हात नेला की झटकन आत जातं म्हणालात, पारदर्शक तपकिरी, लांब बारीक शुंडके, तर ते आयप्टेशिया, म्हणजे उपद्रवी अ‍ॅनिमोन. इथे मात्र आजच हालचाल करा, एकच आहे आणि प्लगवरच आहे हे तुमचं नशीब. चिमट्याने ओढायचं नाही, ब्लेडने कापायचं नाही, पायाचा बारीकसा तुकडा जरी राहिला तरी त्यातून नवीन उगवतो आणि एकाचे पाच होतात. फ्रॅग टाकीतल्याच पाण्याच्या वाटीत बाहेर काढा, झोआ प्लगवरून सोडवता येत असतील तर नव्या प्लगवर लावा आणि जुना प्लग फेकून द्या. तसं जमत नसेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडात सोडायची. हा म्हणजे आपला पानाचाच चुना, रसायन तेच, पण डबीतल्या चुन्यात अजून काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून अ‍ॅक्वेरियमसाठी कल्कवासर या नावाने मिळतो तो शुद्धच घ्या. पुढे दगडावर दिसला तर हीच पेस्ट, पंप बंद करून, पंधराएक मिनिटं तसंच ठेवून, आणि एका वेळी एखादाच, कारण चुन्याने पीएच चढतो. फार झाले तर पेपरमिंट श्रिंप आहेत.

आणि झोआ हाताळताना ग्लव्ह्ज आणि चष्मा घाला, हे मी दर वेळी लिहितो आणि दर वेळी लिहिणार. काही झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, अत्यंत जहाल विष. हाताला जखम असेल तर हात घालायचा नाही, आणि असला दगड स्वच्छ करायला म्हणून उकळायचा तर कधीच नाही, वाफेतून अख्खं घर आजारी पडल्याच्या घटना परदेशात झाल्यात.

प्रश्न: सर, मी हिंजवडीत जॉब करतो, चार फुटी टाकी आहे, पाच महिने झाले. पाणी आरओ डीआयचं, टीडीएस ०. नायट्रेट ०, फॉस्फेट ०, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मोठा आहे, फॉस्फेट रिमूव्हरही चालू असतो. तरीही तपकिरी घाण येते, तारा लोंबतात आणि टोकाला हवेचे बुडबुडे असतात. सकाळी उठलो की टाकी बरी दिसते, ऑफिसमधून येईपर्यंत परत भरलेली. दर तीन दिवसांनी पाणी बदलतोय तर अजूनच वाढतंय, दोन टर्बो गोगलगायी उलट्या पडून मेल्या. माझे डायटम का जात नाहीत? — एक वाचक, हिंजवडी

उत्तर: कारण ते डायटम नाहीयेत. ताईंचं पत्र वर आहे ते तुमच्या पत्राशेजारी ठेवून बघा. त्यांच्याकडे कोरडी धूळ, तुमच्याकडे चिकट तार. त्यांच्याकडे रात्रंदिवस तेवढंच, तुमच्याकडे रात्री गायब आणि दिवसा हजर. त्यांच्याकडे नायट्रेट आहे, तुमच्याकडे शून्य. आणि गोगलगायी मेल्या हे वाचलं तेव्हाच मला वाटलं की हे डायनोफ्लॅजेलेट असणार, हेही एकपेशीय जीव, पण डायटमहून वेगळे, हॉबीतले लोक डायनो म्हणतात.

खात्री घरीच करता येते. तारांचा थोडा गोळा टाकीच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, सगळं पाणी गढूळ होईल. मग कॉफी फिल्टर किंवा टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी लाइटखाली तासभर ठेवा. डायनो असतील तर ते परत एकमेकांना चिकटून तार किंवा गोळा करतात, साधं शेवाळ करत नाही. पण मी म्हणेन मायक्रोस्कोपखाली बघाच, ओळखीत कोणी बायोलॉजी शिकवणारं असेल तर ४०० पटीत एक थेंब बघायला पाच मिनिटं लागतात, आणि कुठला डायनो आहे यावर पुढचं सगळं ठरतं. थेंबाच्या आकाराचा आणि एका टोकाशी बांधल्यासारखा जागच्या जागी झुलणारा दिसला तर ऑस्ट्रिऑप्सिस. चपटा, अंडाकृती, मुक्तपणे सरपटत पोहणारा आणि टाकीत मुख्यतः वाळूवरच असणारा दिसला तर बहुतेक अँफिडिनियम.

तुम्ही मेहनतीत कुठेच कमी पडत नाही आहात, पण ती मेहनतच डायनोंना जागा करून देतेय, म्हणून हे नीट समजून घ्या. ड्राय रॉकची टाकी म्हणजे मोकळं मैदान, त्यावर बॅक्टेरिया, शेवाळ, पॉड (टाचणीच्या टोकाएवढे कवचधारी जीव) असे नाना जीव हळूहळू जागा धरतात आणि एकमेकांना आवरतात. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेले की हे सगळे उपाशी राहतात, डायनो मात्र तग धरतात, कारण त्यांच्यातले बरेच प्रकाशावरही जगतात आणि दुसऱ्यांना खाऊनही जगतात. मग तुम्ही पाणी बदलता, नव्या मिठातून त्यांना हवी ती सूक्ष्म द्रव्यं मिळतात, स्पर्धक अजून कमी होतात, आणि संध्याकाळी टाकी परत भरते.

तेव्हा पाणी बदलणं तूर्त थांबवा. फॉस्फेट रिमूव्हर काढा, स्किमर रोज काही तासच चालवा, माशांना थोडं जास्त खायला घाला, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ या दरम्यान आणा आणि तिथे टिकवा, खाण्याने चढत नसेल तर अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारी नायट्रेट फॉस्फेटची द्रावणं थेंबाथेंबाने द्या. टेस्ट दर एकदोन दिवसांनी. ऑस्ट्रिऑप्सिस निघाला तर तो रात्री वाळू आणि दगड सोडून पाण्यात येतो, म्हणून तिथे यूव्ही स्टरिलायझर (अतिनील प्रकाशाने पाण्यातले जीव मारणारा दिवा) खरोखर कामाला येतो, पाणी थेट टाकीतून घेऊन टाकीत सोडेल असा लावा, त्याच्या जोडीला तीन दिवस पूर्ण अंधार. अँफिडिनियम निघाला तर यूव्हीवर पैसे घालवू नका, तो वाळूतच राहतो. तिथे उपाय असा की टाकीत मुद्दाम सिलिकेट द्यायचं म्हणजे डायटम वाढतील आणि वाळूवरची त्याची जागा बळकावतील. म्हणजे सिंहगड रोडच्या ताई ज्याला घालवायला निघाल्यात तेच तुम्ही आणायचं. अंधार करताना एअर पंप चालू ठेवा, मे महिन्यात आपल्याकडे पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो.

याला आठवडे लागतील. मध्ये एकदा हिरवं शेवाळ येईल, ते आलं तर बरं वाटून घ्या, तो डायनो हरत असल्याचा पुरावा आहे. नवीन गोगलगायी आत्ता आणू नका, मरतील. आणि नळीने तारा ओढून काढताना तोंड लावून पाणी ओढायची सवय असेल तर ती सोडा. ऑस्ट्रिऑप्सिसची विषं पॅलिटॉक्सिनच्याच घराण्यातली आहेत, २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर त्याचा बहर आला तेव्हा नुसत्या समुद्रावरच्या हवेने दोनशेच्या आसपास लोक ताप, खोकला, श्वासाचा त्रास घेऊन दवाखान्यात गेले होते. घरातल्या टाकीत तेवढं प्रमाण नसतं, पण ग्लव्ह्ज घाला आणि हात धुवा.

प्रश्न: दादा, वाळूवर एका कोपऱ्यात मरून रंगाचा मखमली पापुद्रा येतो, ओढला की अख्खा तुकडा निघतो आणि घाण वास येतो. मित्र म्हणतो मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आण आणि टाक, एका रात्रीत साफ. टाकू? — एक वाचक, चिंचवड

उत्तर: नको रे. पापुद्रा, वास आणि रंग, तिन्हीवरून हे सायनोबॅक्टेरिया आहेत, शेवाळ नव्हे तर प्रकाशावर जगणारे बॅक्टेरिया, म्हणून तर मित्राला अँटिबायोटिक सुचलं. पापुद्रा मरेल हे खरं, पण तो एकदम मेला की सडतो, ऑक्सिजन खाली येतो, फिल्टरच्या बॅक्टेरियावरही ताण येऊ शकतो आणि माणसांची अँटिबायोटिक असलेलं ते पाणी शेवटी ड्रेनेजमधून नदीतच जातं. आणि मूळ कारण तसंच राहिलं की पुढच्या महिन्यात पापुद्रा परत. तू स्वतःच लिहिलंयस की एकाच कोपऱ्यात येतो, म्हणजे तिथे प्रवाह पोचत नाहीये आणि घाण साठतेय. वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड वळव किंवा छोटा दुसरा लाव, पापुद्रा नळीने ओढून काढ, खालची वाळूही थोडी ओढ, फ्रोझन खाणं देत असशील तर वितळवून त्याचं पाणी फेकून मग दे. दोनतीन आठवडे हेच कर. कोकण किनाऱ्याबाहेर अरबी समुद्रात फेब्रुवारी ते मेच्या सुमारास ट्रायकोडेस्मियमचे जे पट्टे तरंगतात ते याच कुळातले, तेही समुद्र शांत असतानाच जास्त दिसतात.

प्रश्न: नातवाची टाकी आहे. काचेवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके सरकताना दिसतात, आणि दगडावर हिरवे चकचकीत गोळे आलेत, मोठा हरभऱ्याएवढा. नातू गोळा फोडून बघायचं म्हणतोय. — एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर: काका, सरकणारे ठिपके म्हणजे कोपेपॉड, माशांचं जिवंत खाणं, टाकी चांगली चाललीये असं नातवाला सांगा. गोळे म्हणजे व्हॅलोनिया, बबल अल्गी. त्यातल्या एका जातीत अख्खा गोळा म्हणजे एकच पेशी असते आणि ती काही सेंटीमीटरपर्यंत वाढते, त्यामुळे नातवाला बघू द्या जरूर, पण टाकीत फोडू देऊ नका, आतून बारीक बीजं बाहेर पडून पसरण्याची शक्यता असते. दगडच बाहेर काढता आला तर टाकीच्या पाण्याच्या बादलीत ठेवून गोळा बुडाशी चिमट्याने धरून हलवत सोडवा, दगड काढणं शक्य नसेल तर दुसऱ्या हाताने नळी अगदी जवळ धरा म्हणजे चुकून फुटला तरी पाणी लगेच बाहेर जाईल. सोडवलेला गोळा वाटीत घेऊन हवा तेवढा फोडा, आणि ते पाणी बेसिनमध्ये न ओतता आधी त्यावर उकळतं पाणी ओता, मग टाका.